वहिनींच्या पोटाचे तीन पर्याय

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारचे तीन. रक्कम चार लाख दहा हजार रुपये. हजर: वहिनी, दादा, माझी बायको आणि मी. जागा वहिनींची खानावळ, महाळुंग्याच्या रस्त्याला. रविवारी संध्याकाळी ती बंद असते, त्यामुळे स्टीलची टेबलं पुसून रिकामी होती आणि कोणी मध्येच रस्सा वाढा म्हणून हाक मारणार नव्हतं.

विषय होता वहिनींचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन. करायचं का, आणि करायचं तर तीन प्रकारांपैकी कोणतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय एक्कावन्न, उंची पाच फूट एक इंच, वजन एकशे अठरा किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, त्यातली शेवटची तीन वर्षं इन्शुलिनवर. दोन्ही गुडघे झिजलेले. चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या बाहेरगावच्या पोरांना त्या गेली चौदा वर्षं जेवू घालतात. साठ-पासष्ट जण महिन्याच्या बोलीवर जेवायचे. मात्र त्या हिवाळ्यात वहिनींना तव्यापुढे सलग वीस मिनिटंही उभं राहवेना. स्टुलावर बसून भाकऱ्या थापून पाहिल्या, तर कंबर धरली. मदतीला एक बाई ठेवली, पण कंपनीत राबून आलेली पोरं चवीच्या बाबतीत पक्की असतात. महिन्याभरात अकरा जण दुसऱ्या खानावळीत जेवायला जाऊ लागले.

हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गुडघे बदलता येतील, पण या वजनावर मी हात लावणार नाही, आधी तीस किलो कमी करून या. वहिनींनी सहा महिने पथ्य केलं. चार किलो उतरले, पुढच्या दोन महिन्यांत पाच चढले. म्हणजे प्रश्न सरळ होता. वजन उतरलं नाही तर गुडघे होणार नव्हते, आणि गुडघे झाले नाहीत तर वर्षाअखेर खानावळीला कुलूप लागणार होतं.

चिंचवडच्या एका रुग्णालयात जाऊन आम्ही सर्जनला भेटून आलो होतो. त्यांनी तीन मार्ग सांगितले होते आणि विचार करून या म्हणाले होते. विचार करण्याचं काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं. कारण एवढंच, की मी चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे आणि आकडे घेऊन बसणं हा माझा धंदा आहे.

आमच्याकडे नवा पार्ट सुरू करण्याआधी एक तक्ता करतात. काय काय बिघडू शकतं ते एकेका ओळीत लिहायचं. प्रत्येक ओळीला एक ते दहामधले तीन आकडे द्यायचे. तसं झालं तर किती वाईट, हा पहिला. किती वेळा होतं, हा दुसरा. होतंय हे वेळेत कळतं का, हा तिसरा. कळायला जितकं अवघड तितका आकडा मोठा. मग तिन्ही एकमेकांना गुणायचे. जिथे गुणाकार मोठा, तिथे आधी लक्ष द्यायचं. मी गेली बावीस वर्षं हेच करतो. तसाच तक्ता मी वहिनींच्या ऑपरेशनचा केला आणि चार प्रती काढून नेल्या.

दादाने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बायपास म्हंजी हार्टचं ना रं? हिच्या हार्टला कुठं काय झालंय?"

"पोटाचा बायपास, दादा. मोशीत रस्ता बंद असला की आपण आळंदीकडून वळून जातो, तसं. अन्न बरंचसं पोट आणि आतड्याचा पहिला भाग सोडून पुढे जातं."

"आन् त्याला चार लाख धा हजार. आरं, कोंबडी कापायला दुकानदार पन्नास रुपये घेतो."

"कोंबडी उठून सैपाक करत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुमी सांगा."

मी सांगितलं. पहिला मार्ग बलूनचा. कापाकापी नाही. तोंडावाटे दुर्बिणीने एक फुगा पोटात सोडतात आणि तो फुगवतात, म्हणजे थोडक्यात पोट भरतं. सहा महिन्यांनी काढतात. पहिला आठवडा उलट्या होतात. क्वचित फुगा फुटून आतड्यात अडकतो. तिन्हींत धोका सर्वांत कमी, पैसे सर्वांत कमी, दोन लाख दहा हजार.

"आमच्या शाळेतल्या एका बाईंनी बसवला होता," माझी बायको म्हणाली. ती रहाटणीच्या शाळेत शिकवते. "बारा किलो कमी झाल्या. सगळ्या साड्यांचे ब्लाउज आत घेतले. फुगा काढल्यावर वर्षाच्या आत ब्लाउज परत उसवायला टाकले."

दुसरा मार्ग स्लीव्ह. पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून बाहेर काढतात, केळ्याएवढी नळी उरते. काढलेलं परत बसवता येत नाही. कापलेल्या रेषेवर बारीक पिना मारलेल्या असतात. तिथून पहिल्या काही दिवसांत गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. पुढे काही जणांना आंबट वर येण्याचा त्रास सुरू होतो किंवा असलेला वाढतो. तीन लाख चाळीस हजार.

तिसरा बायपास. पोटाची वरची लहानशी पिशवी वेगळी करतात आणि आतडं थेट तिला जोडतात. जोड दोन, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. ऑपरेशनला वेळ जास्त. जोडापाशी अल्सर होऊ शकतो. काही वर्षांनीही आतडं आतल्या आत अडकून पीळ पडू शकतो. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांच्या गोळ्या जन्मभर. त्या चुकवल्या तर रक्त कमी होतं, हातपाय बधिर होतात. पण मधुमेहाला तिन्हींत याचाच गुण जास्त.

दोन्ही ऑपरेशनांना भुलीचा धोका असतो, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा असतो, आणि वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचाही. जीव जाण्याचं प्रमाण किती, ते मी सर्जनला थेट विचारलं होतं. त्यांनी त्यांच्या रुग्णालयाचा आकडा सांगितला. तो त्यांचा असल्यामुळे इथे लिहीत नाही. थोडा होता. शून्य नव्हता.

माझ्या तक्त्यात गुणाकारांची बेरीज बलूनची सर्वांत कमी आली होती, मग स्लीव्ह, मग बायपास. बलून टिकत नाही म्हणून तो बाद. राहिली स्लीव्ह. तिच्या ओळीखाली मी हिरवी रेघ मारली होती.

"काहीच केलं नाही तर, ती ओळ कुठे आहे?" बायकोने विचारलं.

ती ओळ नव्हती. मी पेनाने खाली जोडली: इन्शुलिन वाढत जाणं, गुडघे, डोळे, मूत्रपिंड. आकडे दिले आणि गुणले. ती ओळ तिन्हींच्या वर गेली.

वहिनी इतका वेळ कागद टेबलावर ठेवून त्याच्यावर हात पसरून बसल्या होत्या. त्या सातवी शिकल्यात, वाचतात चांगलं.

"भावजी, समदं बरोबर लिवलंय. पर ह्यात मी कुठं हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजी ही ऑपरेशनं कुणाची बी असतील. मला काय काय हाय ते कुठं लिवलंय? मला पित्त हाय."

"पित्त काय, सगळ्यांनाच असतं," दादा म्हणाला.

"मला लई हाय. उशाशी सोडा घेऊन निजते मी. आत्ता तुमी आंबट वर येतं म्हणलात, ते मला हायेच की."

सर्जनने पहिल्या भेटीत आजार विचारले होते तेव्हा आम्ही मधुमेह सांगितला, गुडघे सांगितले, रक्तदाब सांगितला. पित्त कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात पित्त हा आजारांत धरत नाहीत. मी त्याच ठिकाणी एक नवा रकाना पाडला आणि त्याच्या डोक्यावर "वहिनी" असं लिहिलं. खाली पित्त. गुडघ्यांसाठी रोज दोन दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या. दिवसभर हाताला अन्न आणि जिभेला चव. दर सोमवारी उपास.

पुढच्या बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून मी त्यांना घेऊन सर्जनकडे गेलो. दादाही आला. सर्जन साधारण माझ्याच वयाचे, बोलायला शांत. त्यांनी तक्ता वाचला, दोन आकडे खोडून कमी केले, एक वाढवला आणि म्हणाले, "हा शेवटचा रकाना मला आधी हवा होता." मग दुर्बिणीने तपासणी झाली. अन्ननलिकेचा खालचा भाग आम्लाने सोललेला निघाला आणि तिथली झडप सैल.

"ताई, तुम्हाला स्लीव्ह केली तर हे वाढेल," ते म्हणाले. "तुमची शुगर आणि हे पाहता मी बायपास सुचवेन. पण बायपासनंतर त्या गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद. जोडावर अल्सर होतो. साधी तापाची गोळी चालेल, त्यावर भागवावं लागेल."

"आन् दुखलं तर?"

"काही दिवस दुखेल. वजन उतरेल तसं कमी होईल, असा माझा अंदाज आहे. खात्री देत नाही."

वहिनींना हे आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "खात्री देत न्हाई म्हणला. बाकी समदे खात्री देत्यात." खानावळीत त्यांनी भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत खात्री देणारे पुष्कळ पाहिलेत.

मला मात्र तो दिवस जड गेला. माझ्या गुणाकारात सर्वांत धोक्याचं निघालेलं ऑपरेशन माझ्याच रकान्यामुळे सर्वांत योग्य ठरलं होतं. घरी येऊन मी आकडे परत मांडले. वहिनींचा रकाना धरला की उत्तर बायपास येत होतं, आणि ते बरोबर होतं. आमच्या कंपनीत आम्ही हेच शिकवतो, की एकच पार्ट ट्रकला बसवायचा आणि स्कूटरला बसवायचा, तर तक्ते दोन लागतात.

त्याच भेटीत समुपदेशन करणाऱ्या बाईंनी एक फॉर्म भरून घेतला. फॉर्म मी भरला, कारण वहिनींचा चष्मा खानावळीत राहिला होता. मी वाचत होतो, ते दोघं उत्तर देत होते.

"दारू?"

"व्हय, रोज एक खंबा," वहिनी म्हणाल्या. समुपदेशन करणाऱ्या बाई हसल्या.

"सिगारेट, तंबाखू?"

"आमच्या घरात कुणालाच न्हाई," दादाने सांगितलं, आणि ते अभिमानाने सांगितलं. आमच्या वडिलांनी तंबाखूला घरात बंदी घातली होती. दादा सुपारीसुद्धा खात नाही. मी "नाही" वर खूण केली.

ऑपरेशन मार्चमधल्या एका गुरुवारी ठरलं. पैशांची सोय होती. माझ्या कंपनीचा विमा भावजयीला लागू होत नाही, पण दादाने भाड्याने दिलेल्या खोल्यांचे आणि वहिनींनी खानावळीचे मिळून साठवलेले पुरत होते. आदल्या दिवशी सकाळी त्या भरती झाल्या. खोलीत दादा, मी आणि एक तरुण नर्स. नर्सने सूचना सांगितल्या. संध्याकाळी पातळ सूप, मध्यरात्रीनंतर तोंडात काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

वहिनींनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरी, सकाळी मशेरी लावली तर चालंल का? मी गिळत न्हाई, थुकून टाकते."

नर्स लिहिता लिहिता थांबली. "मावशी, तुम्ही मशेरी लावता?"

"लावते की. सकाळी एकदा, दुपारी पोरं जेवून गेली की एकदा, निजायच्या आधी एकदा. मशेरी लावल्याबिगर माझं पोट साफ व्हत न्हाई."

"पण फॉर्मवर तंबाखू नाही लिहिलंय."

"तंबाकू कुठं खाते मी?"

मशेरी म्हणजे तव्यावर काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली पूड. बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. हे आमच्या गावात कोणालाही विचारा, सांगेल. वहिनी लग्न होऊन आल्या त्या महिन्यापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, परसात दर पंधरवड्याला तंबाखू भाजतात. त्यासाठी त्यांचा एक वेगळा तुटक्या कानाचा तवा आहे. भाजायला लागल्या की त्या धुराने घरातला प्रत्येक माणूस ठसकतो. माझे वडीलही ठसकायचे, आणि ठसकत ठसकत तंबाखू खाणाऱ्या भाऊबंदांना शिव्या द्यायचे. आमच्या सासुरवाशिणी, आत्या, मावश्या सगळ्या मशेरी लावत आल्या. तिला आम्ही दात घासणं म्हणतो. दादाने फॉर्मच्या वेळी खोटं सांगितलं नव्हतं, आणि मीही खोटी खूण केली नव्हती. आम्हा दोघांच्या डोक्यात ती वस्तू तंबाखू या नावाखाली ठेवलेलीच नव्हती.

भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, मग सर्जन आले. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून वहिनींच्या पायथ्याशी बसले.

"ताई, उद्या नाही करायचं."

"का? पैसे भरल्यात."

"पैसे कुठे जात नाहीत. हे बघा, तंबाखू चघळली काय, ओढली काय आणि दातांना लावली काय, रक्तात निकोटीन जातंच. जिथे मी आतडं जोडणार, तिथे त्याने जखम भरायला वेळ लागतो आणि पुढे अल्सर होतो. अल्सर फुटला तर जिवावर येतं. ज्या बायपासचा धोका तुमच्या दिरांनी कागदावर मांडलाय, तो मशेरी न लावणाऱ्या बाईचा आहे."

"मग ते दुसरं करा. स्लीव."

"त्याने तुमचं पित्त वाढेल. आणि तंबाखू त्यालाही चांगली नाहीच. आता तुम्हीच ठरवा. मशेरी सोडून दोन महिन्यांनी या, मी लघवीत निकोटीन तपासेन, नसेल तर बायपास करू. सोडणं जमत नसेल तर तसं सांगा, आपण ऑपरेशनच करायचं नाही. पण सोडली म्हणून सांगून मागून लावू नका. त्यात माझं काही जात नाही, तुमचं जातं."

वहिनींनी पायातल्या जोडव्यांशी चाळा केला आणि विचारलं, "कायमची?"

"कायमची."

परतीच्या वाटेवर गाडी नाशिक फाट्याला लागली. मग दादा म्हणाला, "मशेरीसाठी ऑपरेशन थांबलं, गावात सांगायचं कसं?"

"सांगा, बायकूचं दात घासून व्हायचं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "आन् तुमी काय सोडणार ते सांगा. मी एकटीच का म्हणून?"

"मला कसलं व्यसन हाय?"

"दिसाला आठ येळा च्या. दोन दोन चमचे साखर घालून. तो कोण करून देतो? ह्याच गुडघ्यांवर उभी राहून?"

दादाने चहा सोडला. चौथ्या दिवशी परत सुरू केला, पण तेव्हापासून स्वतः करून घेतो. त्याचा चहा कसा होतो ते मी प्यायलो आहे.

वहिनींची मशेरी सुटायला मात्र जे लागलं ते मी जवळून पाहिलं, कारण शनिवार-रविवार आम्ही खानावळीत हात लावायला जायचो. पहिला आठवडा डोकं दुखायचं. पोट खरंच साफ होत नव्हतं. सर्जनने इसबगोल सांगितलं. वाढताना एका मराठवाड्याच्या पोराने "मावशी, आज मीठ जास्तै" म्हटलं, तर त्यांनी त्याच्या ताटातली भाजी उचलून नेली आणि कोरडी चपाती ठेवली. नंतर स्वतःच परत वाढली. दुपारी पोरं जेवून गेली की त्यांचा हात सवयीने कनवटीच्या डबीकडे जायचा. डबी माझ्या बायकोने घेतली होती आणि तिच्यात लवंगा भरून परत दिली होती. लवंगेने काय होतं मला ठाऊक नाही. हाताला डबी लागायची, एवढं होतं.

तव्याचं काय करायचं ते त्यांनी आम्हाला विचारलं नाही. एका रविवारी आम्ही गेलो तर तो परसातल्या न्हाणीच्या पाइपखाली, सांडपाण्याची धार अंगणात येऊ नये म्हणून आडवा लावलेला होता.

मेच्या शेवटी तपासणी झाली. निकोटीन नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बायपास झाला. आत नेताना वहिनींनी मला जवळ बोलावलं.

"भावजी, खानावळीत उद्या बेसन सांगितलंय. कांदा बारीक चिरायला सांगा त्या बाईला. जाड चिरती."

ऑपरेशन अडीच तास चाललं. संध्याकाळीच त्यांना धरून चार पावलं चालवलं, पायात गाठ होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी नाडी वाढली. एकशे अठरा. तेवढंच त्यांचं वजन, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि ते लक्षात आल्याचा मला राग आला. माझ्या तक्त्यात गळतीच्या ओळीला "कळायला अवघड" म्हणून मी आठ दिले होते, सर्जनने ते खोडून पाच केले होते आणि बाजूला लिहिलं होतं, "नाडी आधी सांगते." म्हणजे हीच ती वेळ होती. त्यांनी वाट पाहिली नाही. लगेच औषध पाजून स्कॅन केलं. गळती नव्हती. वहिनी घोट घोट पाणी प्यायच्या सूचनेप्रमाणे पीतच नव्हत्या, अंगातलं पाणी कमी झालं होतं. सलाइन वाढवल्यावर रात्रीपर्यंत नाडी नव्वदवर आली.

"मला वाटलं, जितकं कमी पिईन तितकं टाक्याला बरं," त्या म्हणाल्या.

दादा पलंगाच्या कडेला बसला आणि दर पाच मिनिटांनी बाटलीच्या झाकणाने पाणी पाजू लागला. तोवर त्याने वहिनींना पाणी पाजलेलं मी पाहिलं नव्हतं.

याला आता दहा महिने झाले. वजन त्र्याऐंशी किलो. इन्शुलिन बंद आहे, मधुमेहाची एक गोळी उरली आहे. पित्त नाही, सोड्याची बाटली गेली. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले तेव्हा त्या घाबरल्या होत्या, ते थांबलंय. दसऱ्याला पोरांसाठी केलेल्या श्रीखंडाची चव दोन चमचे घेऊन पाहिली आणि त्यांना दरदरून घाम फुटला, छातीत धडधडलं, तासभर आडवं पडावं लागलं. हे होणार असं सर्जनने सांगितलं होतं, माझ्या तक्त्यातही होतं. आता चव जिभेच्या टोकावर घेतात, गोडाची तीही नाही. गोडाचं माझी बायको किंवा ती मदतीची बाई सांगते. त्या बाईचा कांदा अजून जाडच असतो.

गुडघे तसेच झिजलेले आहेत, एक्स-रेत काही फरक नाही. पण दुखणं निम्म्यावर आलंय, साध्या गोळीवर भागतं, तेही रोज नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, आता मी करायला तयार आहे, पण घाई नाही. वहिनी म्हणाल्या, मलाही नाही. सकाळची सगळी पोळी-भाकरी त्या उभ्याने करतात. गेलेल्या अकरांपैकी सात जण परत आलेत, शिवाय नवीन वीस. मशेरीबद्दल मी मुद्दाम विचारत नाही. सर्जन दर तीन महिन्यांनी तपासतात, दर वेळी नाही असंच आलंय.

तक्ता मी जपून ठेवलेला नाही, पण त्यात एक आकडा सुरुवातीपासून मोकळा होता. जन्मभर गोळ्या, असं लिहून त्यापुढे रक्कम टाकायची राहून गेली होती, कारण जन्मभराला गुणायला माझ्याकडे संख्या नव्हती. तो हिशेब आता असा आहे. रुग्णालयाला ठरलेले चार लाख दहा हजार, फुकट गेलेल्या पहिल्या भरतीचे सहा हजार दोनशे आणि स्कॅनचे साडेनऊ हजार, असे एकूण चार लाख पंचवीस हजार सातशे रुपये, दोघांच्या खात्यांतून. आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे दर महिन्याला एक हजार नऊशे चाळीस, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला. हे वहिनी खानावळीच्या गल्ल्यातून देतात, एक तारखेला, गॅसवाल्याचे द्यायच्या आधी.